चेंडू एकच, कप वेगळा: पुण्याच्या छावणीतून आलेले पालवणकर बाळू

#थ्रेड #इतिहास

१/
६ जुलै १९४४. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील कॅम्प हूड हा लष्करी तळ. एक तरुण कृष्णवर्णीय अधिकारी बसमध्ये बसला होता. मागच्या आसनावर जाऊन बस, असे चालकाने फर्मावले. त्याने ठाम नकार दिला. प्रकरण लष्करी न्यायालयापर्यंत गेले आणि २ ऑगस्ट रोजी तो निर्दोष सुटला. हा अधिकारी म्हणजे सेकंड लेफ्टनंट जॅकी रॉबिन्सन. पुढे १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून मैदानात उतरून त्यांनी अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल स्पर्धेतील वर्णभेदाची भिंत पाडली.

२/
खेळाडू, लष्कर आणि जन्मावरून आखलेली सीमारेषा या तिन्हींची गाठ महाराष्ट्रातही पडली होती, आणि तीही रॉबिन्सन यांच्या जन्माच्या कितीतरी आधी. स्थळ पुण्याची छावणी, खेळ क्रिकेट आणि खेळाडू पालवणकर बाळू. त्यांना चेंडू मिळाला, हार मिळाले, मानपत्रे मिळाली. कर्णधारपद मात्र अखेरपर्यंत मिळाले नाही. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी हा धागा.

३/
बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे, चर्मकार समाजातील कुटुंबात झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. वडील लष्कराच्या चाकरीत होते आणि त्यामुळे कुटुंब पुण्यात स्थिरावले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम छावणीच्या परिसरात क्रिकेट शिकले. गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन भाऊही पुढे नामवंत खेळाडू झाले.

४/
इथे लष्कराचे महत्त्व नीट ध्यानात घ्यायला हवे. गावगाड्यात ज्यांना पाणवठा आणि शाळा दोन्ही बंद होते, त्या समाजांतील अनेकांना पलटणीने नियमित पगार, निवृत्तिवेतन आणि मुलांना अक्षरओळख दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार याच परंपरेतले. पण या उन्नतीलाही एक छत होते. त्या काळी कोणत्याही जातीचा हिंदी शिपाई फार तर सुभेदार-मेजर होई. खरे हुकूम देणारे अधिकारपद गोऱ्यांसाठी राखीव होते. सेवेला दार उघडे, हुकमतीला बंद. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे मैदानावरही हीच भेटणार आहे.

५/
१८९० च्या दशकाच्या आरंभी तर सेवेचेही दार मिटले. ‘लढाऊ जमाती’ नावाचा सिद्धान्त पुढे करून इंग्रज सरकारने महारांसारख्या समाजांची लष्करभरती थांबवली. महाडजवळच्या रावढळचे निवृत्त लष्करी गृहस्थ गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध विनंतीअर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्याहून पुन्हा हीच मागणी मांडली. शिपायाची नोकरी ही केवळ पोटाची सोय नव्हती, ती माणूस म्हणून मोजले जाण्याची एक वाट होती. म्हणूनच हे अर्ज पुनःपुन्हा झाले.

६/
नेमक्या त्याच काळात, १८९२ मध्ये, सोळा-सतरा वर्षांच्या बाळूंना युरोपियनांच्या पूना क्लबात नोकरी लागली. त्याआधी पारशांच्या एका मैदानावर ते महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडत आणि रोलर फिरवत. पूना क्लबात चार रुपये मिळू लागले. काम तेच: खेळपट्टी आखणे, सरावाची जाळी उभारणे, टेनिसच्या मैदानावर रेषा मारणे. अधूनमधून सरावाला आलेल्या साहेबांना चेंडू टाकणे हे त्यातच जोडलेले काम.

७/
या जोडकामातून एक असामान्य गोलंदाज घडला. डावखुरी संथ फिरकी, अचूक टप्पा, आणि वेग न बदलल्यासारखा भासवत बदलण्याची हातोटी. लष्करातील कॅप्टन जे. जी. ग्रेग हे त्या काळचे मुंबई इलाख्यातील नावाजलेले फलंदाज. ते इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंना तासन् तास गोलंदाजी करायला लावत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे बक्षीस, असा त्यांचा करार होता, अशी आख्यायिका आहे. महिन्याच्या चार रुपयांपुढे आठ आणे म्हणजे चार दिवसांची मजुरी.

८/
मात्र एक तपशील दृष्टीआड करू नये. शेकडो तास गोलंदाजी करून घेणाऱ्या या क्लबात बाळूंना फलंदाजीची संधी कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान आणि गोलंदाजी ही चाकराची मेहनत, असा त्या काळचा रिवाज होता. छावणीने त्यांची कला हेरली हे खरे, पण ती हेरली नोकराच्या जागी उभे करून. इंग्रजांनी उदारपणे अस्पृश्यांना क्रिकेट दिले, अशी सरधोपट कथा सांगताना हा भाग सोयीस्करपणे गळतो.

९/
बाळूंची कीर्ती गावात पसरली. युरोपियनांना हरवू पाहणाऱ्या पुण्याच्या हिंदू क्लबपुढे पेच उभा राहिला. शहरातील सर्वोत्तम गोलंदाज अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला. घ्यावा तर धर्म बुडतो, न घ्यावा तर सामना बुडतो. काही सभासद अनुकूल होते, काही कडाडून विरोधात. बाळूंना दूर ठेवून हिंदू संघ आपलेच नुकसान करून घेईल, असे ग्रेग यांनी जाहीरपणे सुचवल्याचे सांगतात. अखेर ईर्ष्येने रूढीवर मात केली आणि बाळू संघात आले.

१०/
पण कशा प्रकारे आले? मैदानात त्यांच्या हातातला चेंडू सवर्ण खेळाडू बिनदिक्कत झेलत. चहाची सुट्टी होताच चित्र पालटे. बाकीचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून चहा घेत. बाळूंना चहा बाहेर, वापरून फेकून देण्याच्या साध्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. हातपाय धुवायचे तर अस्पृश्य समाजातीलच एखादा नोकर कोपऱ्यात पाणी आणून देई.

११/
विजय मात्र येतच राहिले. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून खेळपट्टी दिवसेंदिवस रोलर फिरवून कडक केली, तरी त्यांनी सात बळी घेतले. त्यानंतरच्या सत्कारात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी संघाला साधा प्रश्न केला: ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर खायला-प्यायला हरकत कसली? लोकमान्य टिळकांनीही बाळूंचा जाहीर गौरव केला. एकीकडे सार्वजनिक सभेत हार आणि दुसरीकडे पॅव्हेलियनबाहेर मातीचे भांडे, अशी ही विचित्र जोडी होती.

१२/
१८९६-९७ मध्ये प्लेगची साथ पसरली आणि बाळू पुण्याहून मुंबईस गेले. बोरघाट उतरून कर्जतमार्गे मुंबईला जाणारा लोहमार्ग १८६३ पासून सुरू होता. कळंब, कर्जत, खालापूर या आपल्या टापूतील कितीतरी माणसे याच मार्गाने रोजगारासाठी मुंबईस गेली. जातीची ओळख मागे टाकता येईल, ही आशा त्या प्रवासात अनेकांच्या मनात असे. बाळूंना बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी मिळाली. हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशाला विरोध झालाच, पण कीर्तिकर यांच्या आग्रहामुळे तो मोडला. येथे पुढे ते सहकाऱ्यांच्या पंक्तीलाही बसू लागले.

१३/
फेब्रुवारी १९०६. मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. बाळू आणि शिवराम दोघेही हिंदू संघात होते. हिंदूंनी दोन डावांत २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. विजय १०९ धावांचा, आणि त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा. वंगभंगाविरुद्धची स्वदेशी चळवळ तेव्हा ऐन भरात होती, त्यामुळे या निकालाला खेळापलीकडचा अर्थ आला. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने मात्र वेगळ्याच गोष्टीवर बोट ठेवले: या भावांना जिमखान्याने सामावून घेणे हाच खरा विजय.

१४/
१९११ मध्ये पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. २३ पैकी १५ सामने हरून तो परतला. बाळूंनी मात्र वयाच्या पस्तिशीत सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी. परत आल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. क्रीडापटू म्हणून एका अस्पृश्य माणसाला मिळालेली ही कीर्ती तोवर अभूतपूर्व होती.

१५/
आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संघातील सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत यशस्वी खेळाडू कर्णधार का झाला नाही? गोलंदाज संघासाठी राबतो, कर्णधार संघाला आज्ञा देतो. अस्पृश्य गोलंदाजाने बळी घ्यावेत हे सवर्णांना मानवले, कारण त्यात उपयोग होता. त्याच्या हुकमाने ब्राह्मण क्षेत्ररक्षकाने जागा बदलावी, हे मानवणे कठीण होते. पलटणीतली सुभेदार-मेजरची मर्यादा इथे वेगळ्या रूपात समोर आली. दीर्घकाळ कर्णधार राहिलेले एम. डी. पै यांनी तर हा मान खरे पाहता बाळूंचा होता, असे एका भाषणात स्वतःच बोलून दाखवले होते.

१६/
१९२० उजाडले. ३१ जानेवारीला आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले. मार्चमध्ये माणगाव येथील परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला. डिसेंबरमध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने असहकाराच्या ठरावात अस्पृश्यतानिवारणाचा उल्लेख केला. त्याच वर्षअखेरीस मुंबईत चौरंगी सामने भरले: हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन.

१७/
पहिल्या सामन्यासाठी पै आजारी होते. निवड समितीने बाळूंना संघातून वगळले आणि ज्येष्ठ व उत्कृष्ट फलंदाज असलेल्या विठ्ठल यांना डावलून कर्णधारपद पुण्याचे दि. ब. देवधर यांना दिले. देवधर मोठे खेळाडू होते यात शंका नाही. पण विठ्ठल त्यांच्यापेक्षा अनुभवी होते आणि त्यांना डावलण्याचे कारण जात हेच आहे, अशी पालवणकर बंधूंची खात्री झाली. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली बाजू वृत्तपत्रातून जाहीर मांडली.

१८/
कॅम्प हूडमधील नकाराच्या चोवीस वर्षे आधीचा हा नकार. त्याला लोकांचा पाठिंबा मिळाला आणि समितीला माघार घ्यावी लागली. अंतिम सामन्यासाठी पै कर्णधार म्हणून परतले, बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले आणि दोघे भाऊ संघात आले. सामना सुरू असताना पै काही काळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ हिंदू संघाची सूत्रे पालवणकर बाळूंच्या हाती होती. त्यांच्या कारकिर्दीतील नेतृत्वाचा सर्वोच्च क्षण हाच, आणि तोही दुसऱ्याने मोकळी करून दिलेल्या जागेवरचा. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेऊन ते निवृत्त झाले.

१९/
तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. १९२६ पर्यंतच्या त्यांच्या कारकिर्दीत हे यश आणखी दोनदा मिळाले. थोरल्या भावाला न मिळालेला अधिकार धाकट्याला मिळाला, कारण मध्ये १९२० चा तो नकार घडला होता. विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ मध्ये प्रकाशित झाले. इतिहासाची गोडी असलेल्या प्रत्येकाने त्याचा शोध घ्यावा.

२०/
१९२३ हेच साल मैदानाबाहेरही महत्त्वाचे ठरले. ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने मंजूर केला. कागदावरचा हा हक्क प्रत्यक्षात आणण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते, आपल्या कर्जत-खालापूरच्याच जिल्ह्यात. चहाच्या भांड्याचा प्रश्न आणि तळ्याच्या पाण्याचा प्रश्न मुळात एकच होता.

२१/
रॉबिन्सन आणि बाळू यांच्या कथा सारख्या वाटतात, पण त्यांत एक मूलभूत फरक आहे. अमेरिकेतील वंशभेद कायद्यांत आणि लष्करी नियमांत लिहिलेला होता. म्हणून न्यायालयात त्याच्याशी झुंजता आले, आणि २६ जुलै १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या ९९८१ क्रमांकाच्या आदेशाने लष्करातील वंशभेद संपवण्याचे धोरण जाहीर करता आले. बाळूंचा चहा वेगळा ठेवा, असा लेखी हुकूम कोणी काढला नव्हता. तो रिवाज त्यांच्याच संघातील सहकारी पाळत होते. मोडायला नियम नव्हता आणि निर्दोष सुटायला न्यायालय नव्हते. अशा वेळी हाती उरते ते एकच साधन: आपण नसलो तर सामना जिंकता येत नाही, हे दाखवून देणे.

२२/
पुढचा अध्याय अवघड आहे, तरी तो टाळता येत नाही. बाळू राजकारणात उतरले, पण आंबेडकरांच्या बाजूने नव्हे. स्वतंत्र मतदारसंघांना त्यांचा विरोध होता. सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत ‘पी. बाळू’ हे नाव आहे. हिंदू समाजाच्या आत राहून, गुणवत्तेच्या बळावर जागा मिळवता येते, हा त्यांच्या आयुष्याचा अनुभव होता. पुण्याच्या पॅव्हेलियनबाहेरून मुंबईच्या पंक्तीपर्यंतचा प्रवास त्यांनी स्वतः केला होता.

२३/
१९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने मुंबईच्या राखीव जागेवर स्वतंत्र मजूर पक्षाच्या डॉ. आंबेडकरांविरुद्ध बाळूंना उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. अंतर अवघे २,०२०. बाळूंना कोणाच्या तरी हातातील प्यादे ठरवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. दोघांपुढे प्रश्न एकच होता, उत्तरे वेगळी होती. बाळूंचा भर सवर्णांच्या मनपरिवर्तनावर, आंबेडकरांचा हक्कांवर. आणि इथे बाळूंचेच चरित्र आंबेडकरांच्या बाजूने साक्ष देते. मन वळले तेव्हा सत्कार झाले. अधिकार मात्र भावांनी संघ सोडल्यावरच हलला.

२४/
लष्कराचे काय झाले? पहिल्या महायुद्धात माणसांची टंचाई भासताच १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभारली गेली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली आणि ती आजही भारतीय सैन्यात आहे. १९४३ मध्ये उभारलेली चमार रेजिमेंट १९४६ मध्ये विसर्जित झाली. गरज असेल तेव्हा बोलवावे, गरज सरली की घरी पाठवावे, हा क्रम मैदानावर आणि छावणीत सारखाच दिसतो.

२५/
आज कळंबपासून खालापूरपर्यंत भातकापणी उरकली की शेतांत टेनिस चेंडूचे सामने रंगतात. कोणता संघ किती बळी घेतो याची नोंद गुणफलकावर होते. संघ कोण निवडतो, कर्णधार कोण ठरवतो, सामना संपल्यावर कोण कोणाच्या घरी जेवतो, याची नोंद कुठेच होत नाही. बाळूंच्या काळातही ती झाली नसती, जर त्या भावांनी बोलून आणि लिहून ठेवले नसते. इतिहास वाचताना धावसंख्येइतकेच या न लिहिलेल्या रकान्याकडेही पाहायला शिकले पाहिजे.

२६/
संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. तिचे पालन शिक्षापात्र ठरवणारा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १ जून १९५५ रोजी अमलात आला. सार्वजनिक उपाहारगृहातील भांडी कोणाला जातीवरून नाकारणे हा त्यानुसार गुन्हा ठरला. त्यानंतर तेहतीस दिवसांनी, ४ जुलै १९५५ रोजी, पालवणकर बाळू मुंबईत निवर्तले.

(समाप्त)